अडीचराव आणि निवडक पंधरा

दोन गाण्यांच्या मधे किती वेळ शांतता ठेवायची, हे ठरवण्याचा पगार मिळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या रेकॉर्ड कंपनीत तो एकोणतीस वर्षं एकाच खोलीत बसला, आणि त्यातली एकोणीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या खोलीत. कंपनीचा नियम दोन सेकंदांचा. हे गृहस्थ म्हणायचे, दणदणीत गाणं संपल्यावर ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला दोन सेकंद पुरत नाहीत, अडीच लागतात. त्या अर्ध्या सेकंदासाठी ते तीन व्यवस्थापकांशी भांडले आणि तिन्ही वेळा जिंकले. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं. बाकी सगळ्यांसाठी ते अडीचराव.

त्यांचं काम नुसतं शांततेचं नव्हतं. गायक गातात, वादक वाजवतात, स्टुडिओवाले ते टेपवर घेतात, आणि मग ती टेप अडीचरावांकडे यायची. कुठलं गाणं मोठं वाजतंय, कुठलं दबलंय, कुठे खालचा आवाज घुमतोय, कुठे वरचा टोचतोय, हे ऐकून ते बटणं फिरवायचे. सगळी गाणी एका घरातली वाटली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातून सुटलेली वस्तू थेट कारखान्यात जायची. मधे अडवणारं कोणी नव्हतं.

मी तिथे मुद्रितं तपासते. कव्हरवरचा मजकूर, आतल्या पुस्तिकेतले गाण्यांचे बोल, कोणी काय वाजवलं त्याची यादी. समोर मला बाई म्हणतात, पाठीमागे शुद्धलेखनबाई. पाठीमागचं मला ऐकू येतं, माझे कान चांगले आहेत. ही बढाई नाही, पुढे तिचा संबंध येणार आहे म्हणून सांगितलं.

अडीचरावांच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना करडं जाड कापड, समोर माणसाएवढे दोन स्पीकर, आणि बरोबर मधे एक खुर्ची. खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर पांढऱ्या रंगाने आखलेल्या होत्या. झाडूवालीने एकदा खुर्ची सरकवून परत ठेवली ती बोटभर डावीकडे. अडीचराव आले, बसले, उठले, आणि खुर्ची पुन्हा रेघांत बसवली. त्या दिवसापासून झाडूवाली खुर्चीभोवतीनं झाडते. कंपनीने त्यांना एक कॉम्प्युटरही दिला होता. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसायचा, वरचा किती, खालचा किती. त्यावर त्यांनी टेबलक्लॉथ टाकून ठेवला होता. कानांनी करायचं काम डोळ्यांना सांगितलं की कान आळशी होतात, असं त्यांचं मत.

स्वभाव फटकळ. एका बऱ्यापैकी नावाच्या गायिकेला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमची सर्दी ऐकू येतेय, आठ दिवसांनी परत गा. ती रडली, चिडली आणि आठ दिवसांनी परत गायली. नंतर तिने त्यांना पेनांचा डबा भेट दिला. म्हणजे लोक त्यांचं ऐकत, कारण ते खोटं बोलत नसत. मला हे मान्य करायला थोडा त्रास होतो, कारण माझ्या पुस्तिका ते कधीच वाचत नसत आणि अक्षरं फार बारीक असतात अशी तक्रार मात्र दर वेळी करत.

आमच्या कंपनीत एकच रॉक बँड खरा गाजला. चार जणांचा. ऑफिसात त्यांना नुसतं 'चौघं' म्हणत. गिटारवाला, त्याचा धाकटा भाऊ गायक, एक बेसवाला आणि एक ड्रमर. बारा वर्षांत सहा अल्बम केले, सहाही अडीचरावांच्या हातून गेले, आणि मग गाडीत पुढच्या सीटवर कोणी बसायचं या कारणावरून बँड फुटला. कारण दुसरं असणार, पण सांगतात ते हेच. आता गिटारवाल्याचं रंगांचं दुकान आहे, गायक विमा विकतो, बेसवाला शाळेत भूमिती शिकवतो आणि ड्रमर लोकांना गाडी चालवायला शिकवतो.

मोठ्या साहेबांच्या मनात आलं की या चौघांच्या गाजलेल्या गाण्यांचा एक संग्रह काढावा. नव्याने काही शिजवायचं नाही, आहे तेच छान ताटात वाढायचं. नाव ठरलं 'निवडक पंधरा'. पंधरा कुठली, यावर चौघांनी चार महिने फोनवर घोळ घातला. प्रत्येकाची यादी वेगळी, आणि प्रत्येकाच्या यादीत तोच जास्त वाजत होता. शेवटी बेसवाल्याने मास्तरांसारखं सगळ्यांना कागदावर गुण द्यायला लावले आणि यादी झाली. पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं, टेपा अडीचरावांकडे गेल्या.

टेपा तळघरातून वर आल्या त्या दिवशी अडीचराव खुशीत होते. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि शेवटचं मोठं काम त्यांच्या आवडत्या पोरांचं निघालं होतं. पोरं म्हणजे पन्नाशीची. तीन दिवस ते खोलीबाहेर फक्त जेवायला आले. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले की टेपा मेल्या आहेत. वरचा, बारीक आवाज पार उतरलाय, सिंबल वाजतेय की नाही कळत नाही, गायकाचे सगळे 'स' बोळक्या माणसासारखे येताहेत. ड्रमसेटवरच्या पितळी थाळ्यांना ते लोक सिंबल म्हणतात. जुन्या टेपांचं असं होतं, हे मलाही ऐकून माहीत होतं. त्यांनी तसा अहवाल लिहिला आणि उतरलेला आवाज परत वर आणण्यासाठी ट्रेबल, म्हणजे हाच वरचा आवाज, चढवला. नेहमीपेक्षा बराच जास्त द्यावा लागला, असं ते स्वतःच म्हणाले.

मग चौघांना बोलावलं. बँडने ऐकून पास केल्याशिवाय सीडी कारखान्यात पाठवायची नाही, असा करार होता. बँड फुटल्यावर पहिल्यांदाच चौघं एका खोलीत आले. मला गायकाला दोन ओळींबद्दल विचारायचं होतं म्हणून मी पुस्तिकेचं मुद्रित घेऊन बाहेर उभी होते. दार बंद, आणि ते दार असं की आत बॉम्ब फुटला तरी बाहेर कळू नये. तासाभराने उघडलं. गिटारवाल्याचे डोळे ओले होते. तो अडीचरावांचा हात सोडेना. इतक्या वर्षांनी माझी गिटार मला ऐकू आली, म्हणाला. ड्रमर म्हणाला की घरी जुनी रेकॉर्ड लावली तर सगळं घोंगडीखाली वाजल्यासारखं वाटतं, आणि हे बघा कसं लख्ख आलंय. चौघांनी सह्या केल्या आणि जाताना एकाच गाडीतून गेले. पुढे कोण बसलं ते मी पाहिलं नाही.

अडीचराव त्या दिवशी शीळ घालत घरी गेले. एकोणीस वर्षांत मी त्यांची शीळ पहिल्यांदा ऐकली. सुरात नव्हती.

टेस्ट सीडीची एक प्रत मला मिळाली. बोल पुस्तिकेशी जुळवून बघायचे असतात, ते काम मी घरी करते, हेडफोन लावून. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला मी हेडफोन काढले. वाटलं, हेडफोन बिघडले. दुसरे लावले, तेच. गायकाचा प्रत्येक 'स' आणि 'श' कानात घुसत होता, आणि सिंबल म्हणजे तापल्या तव्यावर कोणी सतत पाणी शिंपडतंय असा चरचराट. मी घरच्या साध्या स्पीकरवर लावून बघितलं. आमचे हे पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले होते. पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलेला माणूस, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि संगीताबद्दल आमच्या लग्नानंतर त्यांनी व्यक्त केलेलं हे पहिलं मत. ते म्हणाले, "ते बंद कर गं, दात आंबले माझे."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी स्वतः सीडी ऐकली नव्हती. ते कधीच ऐकत नाहीत, त्यांना विकली किती ते कळतं. म्हणाले, अडीचरावांनी केलं, चौघांनी पास केलं, यात तुम्ही कुठे येता? कान त्यांचे, काना-मात्रा तुमच्या. स्वतःच्या विनोदावर हसले आणि कारखान्याची तारीख सांगितली. सोमवार. त्या दिवशी मंगळवार होता. म्हणजे हातात सहा दिवस, आणि सोमवारी हजारो प्रती निघाल्या की त्या परत घेता येत नाहीत.

मी गप्प बसू शकले असते. माझं पोट त्यावर चालत नव्हतं. पण एक गोष्ट मनातून जाईना. अडीचरावांनी अलीकडे केलेलं दुसरं कामही असंच टोचतंय का? कपाटातून मागच्या पाच वर्षांच्या त्यांच्या सीड्या काढल्या आणि दोन संध्याकाळी एकापाठोपाठ एक ऐकल्या. पाच वर्षांपूर्वीची नितळ. चार वर्षांपूर्वीचीही. मग थोडी बोचरी, मग आणखी, आणि गेल्या वर्षीची जवळजवळ 'निवडक पंधरा'सारखीच. त्या तर नव्या कोऱ्या टेपा होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उतरलं ते टेपांमधलं काही नाही.

त्यांना सांगण्याआधी मी त्यांच्या बायकोला गाठलं. वहिनी शाळेत नर्स होत्या, निवृत्त झाल्यात, सकाळी बागेत फिरायला येतात. मी आडवळणाने सुरुवात केली तर त्यांनी मला मधेच थांबवलं. धुण्याचं मशीन काम झालं की पीप पीप करतं, ते त्यांना तीन वर्षं ऐकू येत नाही, म्हणाल्या. बोलणं येतं, दारावरची थाप येते, माझी कटकट तर नक्की येते. पण बारीक, उंच आवाज नाही. मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? वहिनी म्हणाल्या, "मशीनचं काय, मी उठून बंद करते. पण कानांवर ज्याचं घर चाललं त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही ऑफिसातल्या. तुम्ही सांगा."

म्हणजे हे माझ्या गळ्यात पडलं. मला मनापासून राग आला. वहिनींचा, साहेबांचा, आणि अडीचरावांचाही. एवढी वर्षं सगळ्यांना तोंडावर खरं सांगणाऱ्या माणसाला खरं सांगायला एक माणूस नसावा, आणि तो मी असावा, हे मला पटत नव्हतं.

गुरुवारी डबा संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ सांगून टाकलं. सीडी टोचतेय. टेपा मेल्या नाहीत. पाच वर्षांच्या सीड्या ऐकल्या, दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलंय. ते खुर्चीत बसून ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही. मी थांबले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायलाही बाहेर आले नाहीत. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे जवळजवळ संपल्यातच जमा, कारण शनिवार-रविवार ऑफिस बंद. मी पिशवी उचलून निघाले तर ते दारात उभे. जुन्या रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली आहे का, त्यांनी विचारलं. किल्ली माझ्याकडेच असते, जुनी कव्हरं बघायला लागतात म्हणून.

त्या कपाटात कंपनीने काढलेल्या प्रत्येक रेकॉर्डची एक न उघडलेली प्रत ठेवलेली आहे. ती उघडायची नाही असा लेखी नियम आहे, आणि तो नियम मोडणाऱ्यांची नावं साहेबांना कळवायचं काम माझं. अडीचरावांनी चौघांचा तिसरा अल्बम काढला, नखाने प्लास्टिक फाडलं आणि खोलीत जाऊन लावला. मला आत बोलावलं. मी भिंतीशी उभी राहिले.

त्यांचा हिशोब मला तेव्हाच कळला. टेपा म्हाताऱ्या होतात. वाजवून वाजवून रेकॉर्डही झिजते. पण बंद पाकिटातली, एकदाही सुई न लागलेली रेकॉर्ड झिजत नाही. तिच्यात ते अठरा वर्षांपूर्वी भरून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं असणार. ती लख्ख वाजली तर टेपा मेल्या, आणि मी मूर्ख. तीही दबलेली वाजली तर दोष टेपांचा नाही.

मला ती लख्ख वाजली. सिंबल अगदी समोर, गायकाचा 'स' कुठेही न टोचता. खरं सांगायचं तर इतकं सुंदर काम मी त्या खोलीतून बाहेर पडलेलं ऐकलं नव्हतं. अडीचराव खुर्चीत वाकून, कोपर गुडघ्यावर टेकून ऐकत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मधेच त्यांनी सुई उचलली.

"टेपा बऱ्या आहेत," ते म्हणाले. एखाद्या आजाऱ्याची खबर सांगावी तसं. मग विचारलं, "तुम्हाला कशी वाजली ही?"

"स्वच्छ," मी म्हटलं.

"सिंबल?"

"आहे. छान आहे."

त्यांनी मान हलवली. रेकॉर्ड पाकिटात घातली, फाटलेलं प्लास्टिक घडी करून खिशात ठेवलं. मला वाईट वाटलं. माझं बरोबर निघालं होतं आणि मला ते नको होतं.

तिथून ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि मला सोबत नेलं. साहेब कोट चढवून निघण्याच्या बेतात होते. अडीचरावांनी एका वाक्यात सांगितलं: माझे कान गेलेत, सीडी चुकलीय, सोमवारी पाठवू नका. साहेब खाली बसले. त्यांना पहिली काळजी तारखेची, आणि ती त्यांनी लपवली नाही. मग म्हणाले की चौघांनी पास केलंय, त्यांना आवडलंय, मग अडचण काय? अडीचराव म्हणाले की ते चौघं बारा वर्षं माणसाएवढ्या स्पीकरांपुढे उभे होते, त्यांचं माझ्याहून वेगळं काय असणार? त्यांना आवडलं हाच पुरावा आहे. साहेबांनी विचारलं, मग आता तुम्ही कुठल्या कानांनी दुरुस्त करणार? प्रश्न बोचरा होता, पण चुकीचा नव्हता.

"माझ्या जुन्या," अडीचराव म्हणाले.

त्यांना चार दिवस मिळाले. प्रत्येक टेपच्या खोक्यात त्यांच्याच हातची एक चिठ्ठी होती. त्या वेळी कुठलं बटण किती फिरवलं, त्याची. आधी या चिठ्ठ्या त्यांनी वाचून बाजूला ठेवल्या होत्या, टेपा मेल्यात म्हणून. आता त्यांनी अठरा, पंधरा, बारा वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचं निमूटपणे ऐकलं. चिठ्ठीत जेवढं लिहिलंय तेवढंच. पण पंधरा गाणी सहा वेगवेगळ्या अल्बममधली, ती एकमेकांशी जुळवायला चिठ्ठी पुरत नाही. तिथे कान लागतात. शनिवारी सकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसले. माझे पाय फरशीला टेकत नव्हते.

फक्त तीन शब्द बोलायचे, असा त्यांनी दम दिला. टोचतंय, दबतंय, बरं. मी एकदा 'छान' म्हटलं तर म्हणाले, हा शब्द या खोलीत चालत नाही. टेबलक्लॉथ बाजूला काढून त्यांनी कॉम्प्युटरही सुरू केला होता. पडदा बघायचे, चिठ्ठी बघायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग बटण केसभर फिरवायचे. मला आधी मजा वाटली. दुपारपर्यंत कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी मात्र मला ऐकू यायला लागलं, म्हणजे काय ऐकायचं ते कळायला लागलं. एखाद्या गाण्याला मी 'बरं' म्हणायच्या आधीच ते बटणावरून हात काढत. त्यांनी हे कसं ओळखलं, मी विचारलं नाही.

मंगळवारी चौघं पुन्हा आले. पास झालेल्या सीडीसाठी परत का बोलावलं, म्हणून गिटारवाला आधीच तापलेला. दुकान सोडून यावं लागलं होतं. घडीच्या खुर्च्या लावल्या, सगळे बसले. मी उठून बाहेर जायला लागले तर अडीचरावांनी मला तिथेच थांबायला सांगितलं. मग त्यांनी नवी प्रत लावली. दोन गाणी झाल्यावर गिटारवाल्याने हात वर केला. हे काय, म्हणाला, पुन्हा घोंगडी?

अडीचरावांनी सगळं सांगितलं. आडपडदा नाही, सारवासारव नाही. बंद पाकिटातली रेकॉर्ड, पाच वर्षांच्या सीड्या, मशीनची पीप पीपसुद्धा. वहिनींनी ते त्यांना सांगितलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. गायक खाली बघत होता. गिटारवाल्याचा चेहरा तांबडा झाला.

"म्हणजे आम्ही बहिरे?" तो म्हणाला.

"बहिरे नाही. वरचं गेलंय. माझं गेलंय तसंच."

गिटारवाला उभा राहिला. गाणी आमची आहेत, म्हणाला, आम्हाला जसं ऐकायचंय तसंच ती निघतील. पहिली प्रत आवडली होती, सही केली होती, तीच काढा. करार त्याच्या बाजूने होता, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. चौघांनी नाही म्हटलं असतं तर अडीचरावांचे चार दिवस पाण्यात गेले असते आणि ती चरचरणारी सीडी त्यांच्या नावानिशी घरोघर गेली असती. वाद घालायचं बळच अडीचरावांत उरलं नव्हतं, असं मला वाटलं.

बोलला तो भूमितीचा मास्तर. हळू आवाजात, कोणाकडेही न बघता. वर्गात पोरं मोबाईलवर एक बारीक आवाज लावतात, म्हणाला. मला येत नाही. मी फळ्यावर वर्तुळ काढत असतो आणि मागे सगळा वर्ग हसत असतो. आधी वाटायचं, माझ्या शर्टाला काही लागलंय. मग एका मुलीने येऊन सांगितलं, सर, ते वाजवतात, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून हसतात.

गिटारवाला त्याच्याकडे बघत राहिला. त्यांच्यात पुढच्या सीटवरून जे काही झालं असेल ते असो, त्या क्षणी तो माणूस आपल्या मित्राकडे बघत होता. मग तो खाली बसला. ड्रमर एवढंच म्हणाला, "विकत घेणाऱ्यांना ऐकू येतं ना? मग झालं. त्यांच्यासाठीच काढतोय." गायकाने मान हलवली. बाकीची गाणी त्यांनी मुकाट्याने ऐकली. आपलीच गाणी, दबलेली, घोंगडीखालची, पण 'नाही' कोणी म्हणालं नाही.

सही करण्याआधी एक काम राहिलंय, असं अडीचराव म्हणाले. पंधरावं गाणं. त्याच्या शेवटी ड्रमरने मोठ्या सिंबलवर एक टोला मारून ती तशीच सोडून दिलीय, आपोआप विरेपर्यंत. टेप कुठे संपवायची ते त्यावर ठरतं. आधी संपवली तर सूर मधेच तुटतो. आणि ती नक्की केव्हा विरते हे मला कळत नाही, म्हणाले, तुम्हालाही कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "बाई, आवाज आहे तोवर हात वर ठेवा. गेला की खाली घ्या."

शाळेत धडा वाचायची परवानगी मागण्यापलीकडे मी कधी चारचौघांत हात वर केला नव्हता. अडीचरावांनी गाण्याचा शेवट लावला. टोला पडला. मी हात वर केला.

सगळे ऐकत होते. थोड्याच वेळात मला दिसलं की गिटारवाल्याने खांदे सैल सोडले, गायक खुर्चीत मागे टेकला. त्यांच्यासाठी गाणं संपलं होतं. मग मास्तरांचं. अडीचराव घड्याळ हातात घेऊन बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांवरून मला कळलं, त्यांच्यासाठीही खोलीत आता काही नाही. माझ्या कानात ती थाळी अजून वाजत होती. बारीक, लांबून, थरथरत. माझा हात वर होता. कोणी हललं नाही. ड्रमर माझ्या हाताकडे बघत होता. तोंड किंचित उघडं, बोटं गुडघ्यावर स्थिर. मग बाकीचेही बघायला लागले. त्या खोलीत पाच माणसांनी मिळून जो आवाज केला होता तो एकट्या मला ऐकू येत होता, आणि पाचही जण तो माझ्या हातावर बघत होते.

गेला तेव्हा मी हात खाली घेतला.

"एवढा वेळ?" ड्रमर म्हणाला.

मी हो म्हटलं. अडीचरावांनी घड्याळ बघून वेळ कागदावर लिहिली. खात्री करायला पुन्हा एकदा लावतो, म्हणाले. एकदा बघितल्यावर पुन्हा बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी लावलं, मी हात वर केला, आणि पाचही जण खुर्च्या थोड्या पुढे सरकवून परत बघत बसले.